बफरच्या अलीकडं

पौषात मुहूर्त नसतात.
कॅमेरा महिनाभर रिकामा, आणि मीही.
मग पहाटे गूळ मार्केटच्या फाटकाशी स्कूटर लावतो,
खिशात परवानगीचं पत्र, घड्यांवर फाटत आलेलं,
आणि यार्डात उतरतो.

रात्री आलेली सगळी इथंच असतात.
मिरजेची पॅसेंजर ओढून आलेलं एक, अजून गरम.
खताच्या रेकपुढं मालगाडीची जोडी, काचांवर दव.
आणि पार तिकडं, बाभळीखाली,
गंजल्या रुळावर एकटं डिझेल.

नवरीला सांगावं लागतं, हनुवटी जरा खाली.
तिच्या मामाला सांगावं लागतं, थोडं बाजूला व्हा.
इंजिनाला काही सांगावं लागत नाही.
ते डोळे मिटत नाही, पोट आत घेत नाही.
उजेडाची तेवढी वाट बघायची,
आणि उजेड इथं येतो तो
बावड्याच्या कारखान्याच्या धुरातून गाळून,
मळीचा वास लागलेला, ताकासारखा पातळ.

"काय भावा, आज कुणाचं लगीन?"
बाबालाल मुजावर, पॉइंट्समन,
काखेत दोन झेंडे, एकात एक गुंडाळलेले.
मी जोडीकडं बोट दाखवतो.
"त्यांचं झालंय की गा, मिरजेलाच.
कपलिंग बघ, केवढं घट्ट."

आमच्या गावात रूळ संपतात.
स्टेशनाच्या टोकाला तांबडा बफर, मातीचा ढीग,
त्यापुढं रिक्षावाले.
कोकण पुढं आहे, पण ते नकाशात.
म्हणून आलेल्या प्रत्येक इंजिनाला सुटावं लागतं,
शेजारच्या रुळावरनं मागं जाऊन
शेपटीचं तोंड व्हावं लागतं.
ती वीस मिनिटं माझी.
डबे नसलेलं इंजिन चालतं कसं, बघावं एकदा:
पोरं शाळेत पोचवून निघालेल्या बाईसारखं,
हात मोकळे, चाल हलकी,
कुठं जायचंय ते ठाऊक, पण घाई नाही.

त्या दिवशी मात्र सगळे बाभळीकडं निघाले.
डिझेलला न्यायचा कागद आला होता.
वर तारा आल्यापासनं त्याला कुणी चालू केलं नव्हतं;
छतावर शेंगा, पायरीवर कुत्रीची तीन पिल्लं.
बाबालालनं पिल्लं पोत्यात घालून
केबिनच्या आडोशाला ठेवली,
मग बाहीनं नंबर पुसला, पाची आकडे,
पुसून पुन्हा पुसला.
"काढ आता. पण चालू असताना काढला असतास तर…"

नवं इलेक्ट्रिक येऊन लागलं. ठक्.
होसपाइप जोडले.
नव्याची हवा पाइपातनं जुन्यात शिरली,
आत कुठंतरी फुसफुस, मग काटा हलला.
राजश्री मगदूम, असिस्टंट, हातकणंगल्याची,
ह्याच डिझेलवर काम शिकलेली,
दोन ढांगांत वर चढली.
"काकी, काय करताय?" खालनं कुणीतरी.
ती बोलली नाही. तिनं दांडा दाबला.

उसन्या हवेवर
मेलेलं इंजिन ओरडलं,
आधी घोगरं, मग असं मोकळं
की फाटकावरचे सायकलवाले खाली उतरले.

माझं बोट आपोआप पडलं.

स्क्रीनवर बाबालाल बराच वेळ बघत राहिला.
नंबर सुरेख आला होता. दांड्यावरचा हातही.
"आवाज कुठाय ह्यात?"
मी फोटो मोठा केला, बोटानं वर सरकवला:
बाभळीतनं उडालेले बगळे,
एकाचे पाय अजून फांदीला.
"हां," तो म्हणाला. "हा बघ. हाय की."

मग त्यानं झेंडे सोडवले,
तांबडा काखेत ठेवला, हिरवा उघडला.
तो फोटो मी काढला नाही.
कॅमेरा गळ्यात होता, कार्डात जागाही होती.

पिल्लं पोत्यातनं बाहेर आली होती.
पौष संपायला अकरा दिवस होते.