अँड सन

पेंब्रोकच्या हॉटेलचं तळघर, रात्रीचे दोन.
बाहेर उणे एकवीस, आत बॉयलरची ऊब,
आणि भिंतीला टेकून आमचं शेवटचं कपाट,
कपड्यांच्या कपाटाएवढंच,
फक्त आतून सारखं पुटपुटणारं.

आज ते बंद करायचं. नवीन यंत्र आलंय,
बुटाच्या खोक्याएवढं. कुणी केलं, त्यावर लिहिलेलं नाही.

आमच्यावर असायचं, पत्र्यात ठोकलेलं:
लॉकहेड अँड सन, ग्लेनडार, ओंटारिओ.

सन नव्हताच. एवर्ट लॉकहेडला एकच मुलगी, इस्ला.
रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे
एका वखारवाल्यासाठी त्यानं पहिला स्विचबोर्ड जुळवला,
दोन लाइनी, चार टेबलं.
कर्ज मागायला गेला तर बँकेचा साहेब म्हणाला,
तुमच्यामागे धंदा कोण बघणार?
त्यानं पाटीवर दोन शब्द वाढवले. कर्ज मिळालं.
पुढे तीस वर्षं, 'जरा मुलाला द्या' असं कुणी फोनवर म्हटलं
की इस्ला म्हणायची, 'बोलतेय.'

लोकरीची गिरणी बंद पडली त्या वर्षी
तिनं गिरणीतल्या बावीस बायका कामावर घेतल्या.
गावाला वाटलं, दया आली.
दया कसली!
त्या बोटांना तारांच्या पंचवीस जोड्यांची वेणी शिकवावी लागली नाही.
मेणाचा दोरा, दर इंचाला गाठ,
आणि तोंडात पाढा:
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा,
पांढरा-तपकिरी, पांढरा-पाटीचा करडा,
मग लाल-निळा...
माझी आई बटाटे सोलतानाही तोच म्हणायची.
एक ते दहा मी त्यानंतर शिकले.

अठराव्या वर्षी मीही तिथंच लागले.
होल्डचं बटण लाल असावं की पिवळं,
यावरून बाप-लेक आठ महिने बोलत नव्हते.
दोघांच्या टेबलावर आमचेच फोन.
निरोप मी न्यायचे, चालत.
(शेवटी लाल. बाप गेल्यावर तिनं पिवळं केलं,
मग महिन्याभरात पुन्हा लाल.)

एका हिवाळ्यात रिलेची एक खेप चिकटायला लागली.
फोन ठेवला तरी लाइन सुटेना.
एका वकिलाच्या अशिलानं स्वतःबद्दलचं
सगळं मत ऐकलं, अगदी जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
दोनशे साठ कपाटं परत आणली इस्लानं,
घर गहाण टाकून. कुणाला बोलली नाही.
आम्हाला कळलं ते तिनं घरचा पियानो विकला तेव्हा.

मग डॅलसहून तीन माणसं आली.
पातळ फाइल, जाड कोट.
नाव ठेवू म्हणाली.
नावं ठेवली.
वर्षभरात पत्रा ठोकायचं यंत्रही भंगारात गेलं,
आणि इस्ला पार्किंगमध्ये गाडीत बराच वेळ बसून राहिली,
काच पुसत, आतून.

मी स्विच खाली ओढते.
पुटपुट थांबते, एकेक रिले टकटक करत निजतो.

वरून काउंटरचा पोरगा धावत येतो, नाव देव्हॉन, वय वीस.
'काय झालं? काहीतरी गेल्यासारखं वाटलं.'
त्याला वाटायचं, तो आवाज इमारतीचाच आहे.

नवीन फोन तपासायला त्याला परत वर पाठवते.
'हॅलो? ऐकू येतंय?'
'येतंय.'
'मग ठेव.'

कपाटाच्या दारावर आतून, पेन्सिलीनं,
जोडणाऱ्यांच्या सह्या. विल्मा. थेरेझ. डॉर्कस, दोनदा.
आणि सगळ्यांत खाली, तिरकं:
रोझाली कुयाक, मंगळवार, गुडघा दुखतोय.

दार मी घरी नेणार आहे. विचारलेलं नाही कुणाला.
चार स्क्रू. तीन सुटले.
चौथा कुणीतरी असा आवळलाय,
की गिरणीतल्याच हाताचा असणार,
आणि मी जमिनीवर बसून, टॉर्च दातात धरून,
अजून त्याच्याशी झटतेय.