नव्वदावा दिवस

फोन लावण्याआधी टोरुनने नोंदवही पाहायची असते,
नियमच आहे तसा :
गेलेल्या माणसाच्या घरी
‘तब्येत कशी आहे’ म्हणत घंटा वाजू नये.

चारशे अकरा. नोंदवही म्हणते, आहे.
असण्यापुढे तारखेचा रकाना कोराच.
नसण्याला तारीख लागते, वेळ लागते, कुणाची तरी सही लागते.

नव्वद दिवसांपूर्वी ट्रॉम्सोत दुपारीही काळोख होता.
सेन्या बेटावरून हेलिकॉप्टरने आणला त्याला.
बोटात गळ रुतला होता, एवढंसं.
चार दिवस त्याने पट्टी बांधून कॉड ओढले
आणि पाचव्या दिवशी बायकोला आईच्या नावाने हाक मारली.

गुड्नी लोकरी हातमोजे मांडीवर ठेवून बसली होती,
एकाला माशाचा खवला चिकटलेला.
टोरुन म्हणाली,
रक्त असं नासलं की आम्ही शिरेतून मिठाचं पाणी देतो.
भरपूर द्यावं की हात राखून,
ते आम्हाला माहीत नाही.

‘माहीत नाही, हे तुम्ही छापून आणलंत?’
हो. सात पानं.
गुड्नीने सातही वाचली.
पाचव्या पानावर थांबून तिने विचारलं, आत्ता किती वाजले,
आणि सही केली.

मग यंत्राने कौल दिला.
देवाच्या अंगावरचं फूल उजवीकडे पडावं, डावीकडे पडावं,
तसाच; पण समोर कुणी हात जोडलेले नव्हते,
गाऱ्हाणं नव्हतं,
फूल परत लावून बघायची सोय नव्हती.
डावा. कमी पाणी.

ती रात्र टोरुनच्या लक्षात आहे.
दोन वाजता लघवी अगदी थेंबभर.
तरुण डॉक्टर सिवर्टचा हात पिशवीच्या चिमट्याकडे गेला,
तिथे थांबला,
भिंतीवरच्या कागदावरची मर्यादा त्याने पुन्हा वाचली
आणि हात खिशात घातला.
काहीतरी करणं सोपं असतं.
खिशातला तो हात सकाळपर्यंत मुठीतच होता.
पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गुड्नी
काडीवरच्या ओल्या स्पंजने
एका दर्यावर्दी माणसाचे ओठ भिजवत होती.

आज एप्रिल. रात्री नऊलाही उजेड हटत नाही.
फोन आयलिफनेच उचलला.

चालता येतं? — धक्क्यापर्यंत. येताना बसावं लागतं.
स्वतःचे कपडे घालता येतात? — बटणं सोडून.
काळजी, उदासी? —
इथे तो बराच वेळ गप्प.
मागे किटली शिट्टी घालायला लागली, कुणीतरी ती उतरवली.
‘थोडी, असं लिहा.’
शून्य ते शंभर, आज तब्येत किती?
‘काल सत्तर होती.
आज वारा उत्तरेचा आहे. पंचावन्न.’
टोरुनने पंचावन्न लिहिले. प्रश्न आजचाच आहे.

मग त्याने विचारलं, ‘काय ठरलं तुमचं? कमी बरं की जास्त?’
अजून काही नाही. अकराशे माणसं हवीत.
अजून तीन वर्षं तरी.
‘आणि माझ्यावरून?’
तुमच्या एकट्यावरून काहीच कळत नाही.

तो हसला, मग खोकला.
‘खरंय. एका माशावरून हंगाम कळत नाही.
पण तो मासा मी होतो,
हे कुठे लिहायची जागा आहे का?’

शेवटच्या पानावर ‘इतर’ नावाची चौकट आहे.
चाळीस अक्षरं मावतात.
टोरुनने बोट कोणतं ते विचारून घेतलं
आणि लिहिलं : उजवी तर्जनी अजून वाकत नाही.
विश्लेषणात ही चौकट धरत नाहीत.

चारशे बारा.
नोंदवहीत तारीख आहे. फोन करायचा नाही.
टोरुनने रिसीव्हर उगाच हातात धरला, मग ठेवला.
ह्या बाईला कौल कोणता लागला होता,
उजवा की डावा,
ते तिला आठवत नाही.
मुद्दामच आठवत नाही.