पट्टी धरताना

मी शिपाई. मळीवाडी ग्रामपंचायत, बारा वर्षं.
झेंडा चढवणं, नळाला पाणी सोडणं,
घरफाळ्याच्या नोटिसा दारावर चिकटवणं.
या मार्चात नवं काम लागलं:
चार मीटरची पट्टी उभी धरायची, हलायचं नाही.
पलीकडून मुल्लाणी मॅडम दुर्बिणीतून बघतील,
तोवर नाकावरची माशीसुद्धा हाकलायची नाही.

त्याआधी जानेवारीत बैठक झाली, कोल्हापुरात.
सात गावं, एक नगरपरिषद, महानगरपालिका.
प्रत्येकानं आपापला पूर सोबत आणला होता.
भुपाल मगदूम म्हणाले, आमच्यात मारुतीच्या गदेपर्यंत.
कुंभारओढ्याचे म्हणाले, शाळेच्या खिडकीचा तिसरा गज.
हणबरटेकच्या अक्काताई उठल्या:
आमचा गोठा मळीत. म्हशीच्या शिंगापतुर.
शहरातला इंजिनिअर लिहिता लिहिता थांबला.
‘म्हैस केवढी?’
कुणी हसलं नाही.
इथं म्हैस केवढी, हा थट्टेचा प्रश्न नसतो.

मग सुरू झालं.
तुमचा रस्ता उचलला, आमचं पाणी तुंबलं.
ओढ्यात मुरूम टाकून प्लॉट कुणी पाडले?
तुमचं उतरतं तवा आमचं चढतं, आणि एक फोन करत न्हाईसा.
कुणीतरी पूर्वेला, कर्नाटकाकडं बोट केलं.
ते बोट बराच वेळ हवेत राहिलं,
सगळ्यांच्या सोयीचं होतं म्हणून.
चहावर साय धरली.

मुल्लाणी मॅडम कोपऱ्यात होत्या. म्हणाल्या,
भांडा, पण मला एक सांगा. मोजता कुठनं?
तुमचा शून्य कुठाय?

सात गावांचे सात शून्य निघाले.
पायरी, कट्टा, पिंपळाचा पार,
एकाचा तर मागच्या साली बुलडोझरखाली गेलेला.

म्हणून ही पट्टी.
जुन्या पुलाच्या कठड्यावर दगडात एक बाण कोरलाय,
तिथनं सुरुवात. अकरा दिवस ऊस तुडवत चाललो.
गदेपाशी धरली. खिडकीपाशी धरली.
अक्काताईंच्या गोठ्यात दावं होतं, चंद्री नव्हती.
त्यांनी हवेत हात धरला, हितं.
मॅडम आकडा वाचेपर्यंत तो हात
माझ्या पट्टीपेक्षा स्थिर होता.

रात्री हिशेब. नदी उतारानं वाहते, तेवढा उतार वजा केला
तर गदा आणि शिंग यांच्यात चार बोटांचा फरक.
एकाच पाण्यात उभे होतो सगळे.
फक्त मळीवाडीचा आकडा बसेना.
मॅडम म्हणाल्या, तुमच्या गावात नदी चढ चढते काय हो?

मी पट्टी पुसत होतो. पुसतच राहिलो.

एकोणीसच्या पुरानंतर, पंचनाम्याच्या आदल्या रात्री
पंचायतीच्या भिंतीवरची लाल रेघ मीच ओढली होती.
एक वीट वर.
कुणी सांगितलं नव्हतं. नाही, सांगितलं होतं,
पण नाव घेत नाही.
त्या एका विटेत अकरा घरं बसली, अनुदानात.
त्यातलं एक माझ्या मेव्हण्याचं.

मॅडमनी चष्मा काढला. आकडा खोडला,
एक वीट कमी करून लिहिला, आणि विचारलं,
‘विटेची जाडी मोजलीय? का तीपण अंदाजानं?’

एप्रिलमध्ये आराखडा झाला.
हणबरटेकचं दोन एकर गायरान
आमच्या जनावरांसाठी, जुलै ते सप्टेंबर.
वैरण आमची, पाणी त्यांचं, शेणावरून अजून वाद आहे.
कुणी कुणाला फोन करायचा ते भिंतीवर लिहायचं,
रात्री अडीचला उचलेल असाच नंबर.
कुंभारओढ्यानं सही केलेली नाही.
प्लॉटांचं काय, विचारतात. बघू, म्हणतात.

आज रविवार. मी शिडीवर.
लाल रेघ खरवडली, विटेखाली पांढरी ओढतोय.
खालून दूधवाला सायकल थांबवून विचारतो,
पूर कमी झाला काय गा?

न्हाई, म्हटलं. तेवढाच हाय.
आणि ब्रश परत डब्यात बुडवला.