एकतीस ब

चार वर्षं दोन महिने नाव यादीत होतं माझं.
तेवढ्यात नवरा गेला (मेला नाही, लीड्सला गेला)
आणि टॅम्सिनने शाळा संपवून
नर्सचा निळा अंगरखा चढवला.
फोन आला तेव्हा मी हलच्या डेपोत
शेवटच्या बसमधल्या विसरलेल्या छत्र्या गोळा करत होते.

चिटणीस सिरिल नॅप्टन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
म्हणाला, दोन तुकडे रिकामे आहेत.
सावकाश बघा, घाई नाही.
म्हणजे, आहे. तुमच्यामागे सत्तावन्न जण आहेत.

पहिला, नऊ नंबर. नळाला लागून.
माती चाळणीतून काढल्यासारखी,
कडेने फळ्या, शेडच्या खिडकीला पडदासुद्धा.
बाईंचे गुडघे गेले, सिरिल म्हणाला,
मुलाने सगळं आवरून दिलंय.
मी काठावरच थांबले,
परक्याच्या घरात बूट कुठे काढायचे
ते न कळून उंबऱ्याशी थांबावं तशी.

दुसरा, एकतीस ब. पार टोकाला, रेल्वेच्या कुंपणाशी,
जिथे हंबरवरून येणारा वारा
अंगावरचा कोट उलटा करून बघतो.
ब्लॅकबेरीची काटेरी जाळी खांद्याला लागेल एवढी.
फुटक्या काचा, निळी दोरी,
आणि आंघोळीचा एक टब, पावसाने काठोकाठ भरलेला,
साबणाच्या खाचेत गोगलगाय.
मॅन्फ्रेड गेल्यापासून तीन उन्हाळे
कुणी हात लावलेला नाही, सिरिल म्हणाला.
कसा होता हो मॅन्फ्रेड?
सिरिल बराच वेळ आठवत राहिला.
भाडं वेळेवर भरायचा.

लोकांना मी सांगते, सूर्य तिकडून चांगला येतो.
खरं कारण असं, की नऊ नंबरात
जे मरेल ते माझ्या हातून मरेल.
इथे सगळं मी यायच्या आधीच मेलेलं.
जे उगवेल तेवढी कमाई.

सही केली. वर्षाचे अडतीस पौंड, किल्लीचे दहा वेगळे.
कागदावर लिहिलं होतं: क्षेत्र, पाच रॉड.
रॉड म्हणजे किती, ते सिरिललाही सांगता आलं नाही,
त्याने दोन्ही हात पसरले आणि मग खाली सोडले.
नियम सात. कोंबड्या चालतील, कोंबडा नाही.

शनिवारी टॅम्सिन आली, अर्धा तास,
एक फोटो काढला, माझा, पाठमोरा.
ती गेल्यावर शेजारच्या तीस नंबरमधून विन्सलो बघत होता,
मूळचा बार्बाडोसचा, पंच्याऐंशीचा,
काकडीला बोलतात तितक्या हळू आवाजात म्हणाला,
बाई, खोल घालू नका फावडं.
खाली काय आहे ते आधी बघा.

वीतभर खाली फावडं मऊ कशाला तरी अडलं.
गालिचा. नारिंगी, तपकिरी, मोठाली फुलं,
एका कोपऱ्यात सिगारेटने पडलेलं भोक.
ओढला तर पुढे आणखी, आणखी पुढे आणखी,
एक अख्खी बैठकीची खोली जमिनीखाली अंथरलेली,
तिच्या विणीतून पांढऱ्या मुळ्या आरपार गेलेल्या.
बायको वारली त्या आठवड्यात आणला त्याने,
विन्सलो म्हणाला. डोक्यावरून, एकट्याने.
म्हणाला, याने तण मरतं.
मेलं का?
विन्सलो हसला. तुम्हीच बघा की.

दुपारपर्यंत अर्धा गालिचा निघाला.
गुंडाळला, उचलेना, म्हणून त्याच्यावरच बसले,
थर्मासमधला चहा प्यायले.
तेवढ्यात मालगाडी गेली.
खालची माती काळी होती, ओली,
तिच्यात एक गांडूळ उजेडाने गोंधळून
आपलीच गाठ मारत होतं.
मॅन्फ्रेडला काही बोलावंसं वाटलं, पण काय बोलणार,
भाडं मीही वेळेवरच भरेन.

अंधार पडता पडता सत्तर नंबरची बस पकडली,
मागच्या सीटवर, नखं काळी, पाठ लाकूड.
उतरताना वळून पाहिलं:
दारापासून सीटपर्यंत चिखलाचे ठसे, सगळे माझे.
उद्या पहाटे पाचला ही बस पुसायची पाळी
कुणाची आहे, ते मला पाठ आहे.