पंप बंद होता

तीनदा पाहिलं. पंप बंद होता.
नळीला चिमटा, झडप घट्ट,
आणि काचेच्या दोन पट्ट्यांमधल्या अर्ध्या मिलिमीटर खोलीत
दिग्रजच्या बोअरचं खारं पाणी
झोपल्यासारखं पडलं होतं.

तरी ते फिरत होतं.

"रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, टेबल थरथरतं,"
आवटी सर म्हणाले,
चष्मा कपाळावर ढकलून घरी गेले.
मग मी रात्री अडीचला आले.
सेलखाली स्कूटरची जुनी ट्यूब घातली,
दोन ट्रॉल्यांच्या मधल्या शांततेत
मायक्रोस्कोपला डोळा लावला.

पडदा म्हणजे पिवळट, ओलसर,
वाळत घातलेल्या पापडासारखा कडेनं वळणारा तुकडा.
ऋण भार त्याच्या अंगात रुतलेले, जागचे न हलणारे.
सोडियम आला की वाट देतो,
क्लोराइडला उंबऱ्यावरूनच परत.
विश्रामबागेत भाड्यानं खोली शोधताना
असं दार मला कळलंय:
आडनाव सांगेपर्यंत उघडं.

एक व्होल्ट. दीड.
प्रवाह चढला, मग अडला.
आलेखावर सपाट माळ, जतकडे जाताना लागतो तसा.
वर्गात शिकवलेलं इथंच संपतं:
दाराशी मीठच उरलं नाही, तर वीज नेणार कुणाच्या खांद्यावर?
पडद्यालगत केसाएवढा थर,
त्यात पाणी जवळजवळ गोडं,
आणि सगळा ताण त्या गोड्या पाण्यातच.

दोन. सव्वादोन.

आणि त्या थराच्या पोटात ढवळलं.
भोवरे. जोडीजोडीनं, एक उजवा, एक डावा,
लाल रंग गुंडाळत, सोडत, शेजारच्याला गिळून मोठे होत.
हात कुणाचाच नाही.
दाराशी नुसत्या सोडियमची दाटी,
जोडीला क्लोराइड नाही;
विजेनं दाटीला ओढलं,
दाटीनं पाण्याचा पदर धरून ठेवलेला,
म्हणून पाणी निघालं
आणि लांबचं मीठ आणून दाराशी टाकू लागलं.
प्रवाह पुन्हा चढला,
पण आता कापत, खरखरत.

रविवारी अब्बा आले मिरजेहून,
बोटांना लाखेचा वास.
भोवरे त्यांनी पाहिले, "छान" म्हणाले, जत्रेतल्यासारखं.
मॉनिटरवरच्या कापऱ्या रेषेशी मात्र थांबले.
"हिला ओळखतो मी.
घोडी सपाट असली की तार नुसती टण् करते.
कानशीनं जरासा उतार दिला
की तार घोडीला चाटत जाते,
आणि एका आवाजातून दहा फुटतात. जवारी उघडली म्हणतो आम्ही."
"उतार किती, अब्बा?"
"ते मोजत नाहीत."
"मला मोजावं लागतं. त्याचाच पगार आहे."
हसले. चहा मागितला.

सोमवारी सरांनी व्हिडिओ दोनदा पाहिला.
चष्मा कपाळावरून खाली आला.
"पंप?"
"बंद."

संध्याकाळी वहीत लिहिलं: पाणी आपणहून फिरतं.
खोडलं. आपणहून नाही.
लिहिलं: कुणाला तरी दाराशी अडवलं म्हणून फिरतं.
तेही खोडलं, वही सर वाचतात.
मग तारीख टाकली, तापमान,
सव्वादोन व्होल्ट,
आणि सेल धुवायला घेतला.