कामकाजातून वगळलेले

नियम एक: जे बोलायचं ते अध्यक्षांकडे बघून.
नियम दोन: प्रतिवेदक बोलत नाही, लिहितो.
प्रतिवेदक म्हणजे मी.
खैरमोडे सरांनी नेमलं ते माझं अक्षर बघून,
मत विचारून नव्हे.

नेरूळच्या आमच्या शाळेत विधानसभा भरते
रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत.
पंखे बंद, कारण वाऱ्याने विधेयकं उडतात.
उजवीकडे सत्ताधारी, डावीकडे विरोधक,
मधे बेसिन, ठिबकणारं,
त्याला मात्र कोणी खाली बसवू शकत नाही.
घंटा गजाभाऊंच्या सायकलची, काढून आणलेली.
त्या दिवशी ते घरी जाताना
तोंडाने वाजवत गेले.

बाजू चिठ्ठ्या टाकून ठरते.
रसिका तांडेलला आलं: सत्ताधारी.
ती दिवाळ्याची. मी एकदा म्हटलं,
तुमच्या घरामागे खाडी आहे ना,
तर म्हणाली, खाडी पुढे.
मागे रस्ता.

विधेयक क्रमांक तीन.
खाडीकिनारी फरसबंदी, दिवे, बाकडी
आणि वाहनतळ, दोनशे गाड्यांचा.
पहिल्या वाचनात नुसतं मांडायचं असतं.
दुसऱ्यात कलमामागून कलम.
कलम चारला शबीना मुकादमची दुरुस्ती,
'दोनशे'ऐवजी 'एकशे ऐंशी',
त्यावर अर्धा तास गेला,
जणू त्या वीस गाड्यांत बसूनच
लोकशाही यायची होती.

मग रसिका उठली. तीन मिनिटं.
रोजगार म्हणाली, पर्यटन म्हणाली,
संध्याकाळी म्हाताऱ्यांना बसायला जागा म्हणाली.
चांगलं बोलत होती, सरांनी मान हलवली.
पिवळं कार्ड वर झालं, तीस सेकंद उरले,
आणि ती थांबली. कागद उलटा केला.
मागे काहीच लिहिलेलं नव्हतं, मला दिसत होतं.
म्हणाली,

~~मंग आमची होरी खं लावाची?~~

कोणीतरी हसलं. ते मी लिहिलं: (हशा).
हशा लिहायचा असतो.
अध्यक्ष पळसुले, नववी ब, टाय वडिलांचा,
म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी
सभागृहाच्या भाषेत बोलावं.
विरोधी बाकांवरून हरकतीचा मुद्दा:
सरकार स्वतःच्याच विधेयकाला प्रश्न कसा विचारतं?
हा प्रश्न आमचा होता, महोदय,
आम्ही तो तिसऱ्या वाचनासाठी ठेवला होता.
हरकत मान्य.
वाक्य कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे.
मी पट्टी लावून एकच रेघ मारली,
सरळ, बारीक,
खालचं वाचता येईल अशी.

आवाजी मतदान.
होय म्हणणाऱ्यांनी होय म्हणावं.
नाही म्हणणाऱ्यांनी नाही.
परीक्षानळ्या दोन्ही वेळा सारख्याच किणकिणल्या,
म्हणून मतविभागणी.
होयवाले ॲसिडच्या कपाटापाशी,
नाहीवाले बेसिनपाशी.
रसिका मधे उभी. मला वाटलं,
आता.
पण पक्षादेश होता, नियम अकरा,
आणि तिची मान ताठ होती.
ती कपाटाकडे गेली.

होय सतरा.
नाही सोळा.
विधेयक संमत. बाकं वाजली.
मी लिहिलं: (बाकांचा कडकडाट),
सर म्हणाले, कडकडाट विजेचा असतो,
'गजर' लिही.

पुढच्या शनिवारी कार्यवृत्त कायम करताना
पक्क्या प्रतीत त्या जागी सात ठिपके होते.
अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत?
बेसिन ठिबकलं.
माझा हात कोपरापर्यंत वर आला
आणि तसाच मी केस नीट केले.
नियम दोन.

सुटल्यावर जिन्यात रसिका भेटली.
म्हणाली, माझं ते कसं लिवलंस,
होरी का होडी?
होरी, मी म्हटलं.
बरं, म्हणाली,
आणि दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत
खाली गेली.