सातवं घर

तालमीच्या पियानोचा एक सूर मेलेला होता,
मधल्या सप्तकातला कोमल गंधार.
तिथे बोट पडलं की नुसतं लाकूड वाजे.
तीन महिने मी ते लाकूड वाजवलं,
पीटर्सबर्गच्या त्या गारठलेल्या दालनात,
बोटं कापलेले हातमोजे घालून.

स्वरलिपीचे कागद आले तेव्हा वाटलं,
नक्कल करणारा प्यायलेला असणार.
पाच मात्रा, मग सात, मग अकरा, मग एकदम दोन.
अंधारात जिना उतरावा
आणि बांधणाऱ्याने एक पायरी दुसरीसारखी केलेली नसावी
तसं.

आणि नाच तर विचारूच नका.
आठव्या वर्षापासून हवेत राहायला शिकलेल्या मुली,
त्यांना सांगितलं, पाय आत वळवा,
पाठीला पोक काढा, टाच आपटा,
तुम्ही पऱ्या नाही,
नदीवरचा बर्फ फोडायला आलेल्या बाया आहात,
हातात पहार आहे, पोटात काल रात्रीपासून काही नाही.
कपडेपटातली अव्दोत्या म्हणाली,
आपटा, आपटा, बूट शिवायला मी आहेच.

कापितोलिना रोज चुके. अकराव्या मात्रेला,
रोज, केसभर उशिरा.
मी पियानो थांबवून विचारलं, मोजतेस तरी काय?
ती म्हणाली, वेनियामिन ल्वोविच,
आकडे मला धरून ठेवता येत नाहीत.
मी आमच्या गावची घरं मोजते.
होडीच्या धक्क्यापासून वर चढत:
फेरापोंतचं, पाणचक्कीवाल्याचं,
दोघी बहिणींचं, त्यांच्या भांडणाचं कुंपण,
लोहाराचं, पाद्रीबाबांचं,
सातवं जळलं. तिथे काही नाही.
तिथे मी श्वास घेते.
मी कागद पाहिला.
सातव्या मात्रेवर विराम होता.
अकरावं घर कुणाचं, ते तिने सांगितलं नाही.

पहिल्या प्रयोगाला मला काम नव्हतं,
खाली नव्वद वादक होते.
मी सगळ्यात वरच्या सज्ज्यात, खांबाआड,
शेजारी एक टपाल कारकून
सूर्यफुलाच्या बियांची सालं टोपीत जमवणारा.

मग सुरू झालं.
माझ्या डाव्या करंगळीने इतके दिवस जे ढकललं
ते सहा डबल बास मिळून ओढत होते,
नदीच्या तळाकडून, दोर लावून.
मेलेल्या सुराच्या जागी क्लॅरिनेट होतं.
इतकी साधी गोष्ट.
मला ठाऊकच नव्हतं की तिथे कुणी राहतं.

आणि टाचा.
त्या दालनात मी त्यांना धोपटणं म्हणायचो.
इथे वरून दिसलं, त्या वाद्यांशी बोलत नव्हत्या,
वाद्यांच्या खालच्या कशाशी तरी बोलत होत्या,
दार ठोठावत होत्या जमिनीचं,
आणि तुतारी वाजायची
ती आतून कुणी ओ दिल्यासारखी.
खालून शिट्ट्या आल्या. कुणी हसलं.
कारकुनाने बिया चावायचं सोडलं.

दुर्बीण मागून घेतली त्याची.
तिसऱ्या रांगेत, डावीकडे,
कापितोलिनाचे ओठ हलत होते.
फेरापोंत. चक्की. बहिणी. कुंपण.
लोहार. पाद्रीबाबा.
आणि नव्वद माणसं
एका जळलेल्या घरापाशी थांबली.

एवढंच. अर्धा श्वास.
त्या दोन हजार लोकांत
आपण कुठे उभे आहोत हे कुणाला कळलं नाही,
पण खोकला कुणी काढला नाही.

मग आठ, नऊ, दहा,
आणि अकराव्याला ती चुकली.
सगळ्या पहारी पडल्या, मग तिची एक.
त्या एकीनेच बर्फ फुटला असं मला वाटलं,
खरं-खोटं देव जाणे.

मागच्या दाराशी ती शाल गुंडाळून उभी होती.
मोठे साहेब आत ओरडत होते, बहुतेक तिच्याच नावाने.
चुकले ना मी?
मी म्हणालो, हो. केसभर.
मग हातमोजे काढून खिशात घातले
आणि म्हणालो, उद्याही चूक.